‘हाच तो’ : दिवाळी अंकातल्या एका रहस्यकथेच्या कामाच्या नोंदी

9 एप्रिल
संपादकांचा फोन. दीर्घ रहस्यकथा हवी, दहा ते बारा हजार शब्द, मजकूर जुलैअखेर. “पोलीस चालेल, पण नोकरीतला नको. गाडीतून उतरून गॉगल काढणारे इन्स्पेक्टर आता पुरे झाले.” मग निवृत्त हवालदार घेतो, म्हणालो. विषय ओळखीचा घोटाळा. त्यांना लगेच जुळे भाऊ आठवले. जुळे नाहीत, एवढंच आज ठरलं. एकसारखे दिसणारे दोघे आणले की लेखकाचं काम सोपं होतं आणि वाचकाला ते चौथ्या पानावर कळतं.

14 एप्रिल
सुट्टी होती. दिवसभर ॲडॉल्फ बेक वाचत बसलो. लंडनचं हे प्रकरण पूर्वी ओझरतं माहीत होतं. आज नीट लावून घेतलं.

1877 साली ‘जॉन स्मिथ’ नावाच्या एका भामट्याला बायकांचे दागिने लुबाडल्याबद्दल शिक्षा झाली. पद्धत अशी की आपण लॉर्ड आहोत असं सांगायचं, घर सांभाळायला ये म्हणायचं, नव्या कपड्यांसाठी खोटा चेक द्यायचा आणि मापाला म्हणून तिची अंगठी घेऊन जायचं. तो सुटला. 1895 च्या डिसेंबरात व्हिक्टोरिया स्ट्रीटवर एका बाईने एका मध्यमवयीन नॉर्वेजियन माणसाला अडवलं आणि म्हणाली, माझे दागिने यानेच नेले. तो बेक. मग एकामागून एक बायका आल्या आणि त्याच्याकडे बोट दाखवत गेल्या. रांगेत उभं केलं तेव्हा पिकल्या केसांचा, मिशीवाला तो एकटाच होता. बाकीचे रस्त्यावरून धरून आणलेले.

इथवर नेहमीचं. मला थांबवलं ते एलिस स्परेल या माणसाने. स्परेल हा माजी पोलीस. 1877 च्या स्मिथच्या अटकेशी आणि खटल्याशी त्याचा संबंध होता. त्याला निवृत्तीतून बोलावून आणलं. अठरा वर्षांनंतर त्याने बेककडे पाहिलं आणि शपथेवर सांगितलं की हाच तो माणूस, तिळमात्र शंका नाही. “माझ्या उत्तरावर काय अवलंबून आहे ते मला पुरतं ठाऊक आहे,” असंही तो म्हणाला.

त्या बायका चुकल्या हे समजू शकतं. फसवलेल्या होत्या, चिडलेल्या होत्या, समोर एकच पिकल्या मिशीचा माणूस होता. स्परेलला कोणी फसवलं नव्हतं. त्याला या खटल्यात काही मिळणारही नव्हतं. तो फक्त ‘चेहरा न विसरणारा पोलीस’ होता.

माझा हवालदार सापडला. आजवरच्या कथांत असा माणूस खरा गुन्हेगार शोधून काढतो. इथे घोटाळा त्याच्यापासूनच सुरू होईल.

21 एप्रिल
कथा लंडनहून मुंबईत आणायची तर गुन्हा इथला हवा. लॉर्डच्या जागी तोतया पोलीस. याहून नेमकं काही सुचणार नाही. सकाळची वेळ, देवळातून परतणारी म्हातारी, साध्या कपड्यातला, दणकट बांध्याचा माणूस: “मावशी, पुढे मर्डर झालाय, चेकिंग चालू आहे. अंगावर एवढं सोनं घालून फिरता? काढा, रुमालात बांधून ठेवा.” बाजूने जाणाऱ्या एकालाही तो दरडावतो, तो मुकाट चेन काढून देतो. तो अर्थातच साथीदार. मग मावशी बांगड्या काढते. पुडी बांधून परत मिळते, घरी जाऊन सोडावी तर खडे.

या गुन्ह्यात एक गोष्ट माझ्या सोयीची आहे. चेन ओढून पळणाऱ्याचा चेहरा कोणाला दिसत नाही. तोतया मात्र समोर उभा राहून पाच मिनिटं बोलतो. म्हणून फिर्यादीला आपल्या ओळखीबद्दल खात्री असते. प्रत्यक्षात तिने चेहऱ्यापेक्षा ‘पोलीस’ जास्त पाहिलेला असतो: बारीक कापलेले केस, तपकिरी बूट, आवाजातली जरब.

नावं: हवालदार यशवंत धुरी, मूळ मालवणकडचा, भरती 1971, निवृत्ती 2008. खरा भामटा काशिनाथ, धुरीने 1989 साली पकडलेला. निरपराध अडकणारा रमाकांत पेडणेकर, सुरक्षारक्षकांचा सुपरवायझर. खाकी पँट, हातात छडी. कथेचं साल 2011. नवे फौजदारी कायदे 1 जुलै 2024 पासून लागू झाले. त्यांच्या अलीकडे राहिलं की जुनी कलमं वापरता येतील. 420 (फसवणूक) आणि 170 (तोतया सरकारी नोकर) हे आकडे कानाला बसलेले आहेत. नव्या संहितेतला 318 लिहिला तर निम्म्या वाचकांना तो खोलीचा नंबर वाटेल.

3 मे
बदलापूरला मामांच्या मित्राकडे. निवृत्त सहायक फौजदार, बरीच वर्षं डिटेक्शनला काढलेली. चहा, फरसाण, आणि भिंतीवर सेवानिवृत्तीच्या दिवशीचा फेट्यातला फोटो. मी वही काढली तशी म्हणाले, “लिहून घ्या सर, पण माझं नाव नको.”

विचारलं, चेहरा खरंच लक्षात राहतो का?

“चेहरा कोण बघतो? चाल बघायची. बूट बघायचे. माणूस पोलीस दिसला की रस्ता कसा बदलतो ते बघायचं.”

“पण काका, वीस वर्षांनी ओळखलं असं झालंय कधी?”

“झालंय ना. कल्याण स्टेशनला एकाला मागून ओळखला होता. साहेबांनी बक्षीस दिलं.”

“आणि ओळखायचा राहून गेला असा?”

ते हसले. “अहो, राहून गेला तो मला कळणार कसा? विसरलेले चेहरे कुठं मोजतो आपण?”

हे वाक्य जसंच्या तसं धुरीच्या बायकोच्या तोंडी घालणार आहे. धुरीला स्वतःला ते सुचणार नाही. त्याच्या सेवापुस्तकात 140 बक्षिसं आणि गुड सर्व्हिस तिकिटं आहेत. प्रत्येक तिकीट म्हणजे त्याच्या नजरेची पावती. हुकल्याची पावती कोणी फाडत नाही.

आणखी दोन गोष्टी त्यांच्याकडून मिळाल्या. एक, ठाण्यातले तरुण अधिकारी अडले की अजूनही जुन्या माणसाला फोन करतात, “जरा येऊन बघून जा.” त्याची स्टेशन डायरीत नोंद बहुधा होत नाही. दोन, निवृत्त पोलिसाला लाईनमधली खोली सोडण्याचं दुःख पेन्शनच्या काळजीपेक्षा मोठं असतं. सगळा शेजार पोलिसांचा, आणि एकदम बदलापूर किंवा विरारच्या सोसायटीत, जिथे ‘हवालदार’ म्हणून कोणी हाक मारत नाही. धुरीला कोणीतरी पुन्हा हाक मारावी असं वाटत होतं. इतका साधा हेतू मला पुरतो.

11 मे
ओळख परेड. हा भाग नीट लिहायचाच, कारण सिनेमात तो नेहमी काचेआड आणि दिव्यांच्या झोतात होतो.

आपल्याकडे काच नसते. उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत साधी, कोरडी पद्धत दिलेली आहे. परेड दंडाधिकारी घेतात, बरेचदा विशेष कार्यकारी दंडाधिकारी. सोबत दोन पंच. एक आरोपी असेल तर रांगेत निदान सहा जण, दोन आरोपी असतील तर दहा-बारा. दिसायला, वयाला, अंगलटीला जुळतील असे. पोलिसांनी खोलीत थांबायचं नाही. आरोपीला विचारायचं, जागा बदलायची आहे का, कपडे बदलायचे आहेत का. साक्षीदार वेगळे बसवायचे, एकेक आत आणायचा. त्याआधी आरोपीला बाहेर कुठेही नेताना तोंडावर बुरखा, कारण साक्षीदाराने त्याला आधी पाहिलं असेल तर सगळं फुकट.

न्यायालयात मुळात या परेडला ठोस पुरावा मानतच नाहीत. साक्षीदार साक्षीच्या वेळी आरोपीला ओळखतो तो पुरावा. परेड त्याला फक्त दुजोरा देते. हे वाचकाला सांगायचं, पण व्याख्यान न देता. पेडणेकरच्या वकील बाईंच्या एका उलटतपासणीत बसेल.

घोटाळा कुठे करायचा? परेड मी बिनचूक ठेवणार आहे. सगळे नियम पाळले. दंडाधिकारी सज्जन. पंच खरे. फक्त त्याआधी आठवडाभर धुरी ठाण्यात येऊन गेला, फोटोवर बोट ठेवून म्हणाला “काशा. हाच तो,” आणि शिपायाने तो फोटो मावशींना मोबाइलवर दाखवला. “मावशी, आमच्या जुन्या हवालदारांनी ओळखलाय, आता काळजी नको.” मावशींनी परेडमध्ये ओळखला तो फोटोतला माणूस.

12 मे
मोबाइलवर फोटो? 2011? चालेल. कॅमेऱ्याचे फोन होते. पडदा लहान होता, हे उलट बरंच.

26 मे
कथेचा सांगाडा बसेना म्हणून पुन्हा बेकच्या खटल्याकडे. 1896 च्या खटल्यात सरकारी वकिलाने एक युक्ती केली. बेकवर फक्त नव्या फसवणुकींचे आरोप चालवले, 1877 च्या शिक्षेचा आरोप बाजूला ठेवला. बेकचा बचाव काय होता? 1877 साली मी पेरूमध्ये होतो. दोन्ही वेळची पत्रं एकाच हाताची होती. म्हणजे जुना स्मिथ आपण नाही हे सिद्ध झालं की नवी पत्रंही आपली नाहीत हे आपोआप ठरत होतं. पण बेक हाच जुना स्मिथ का, हा प्रश्न या खटल्यात गैरलागू आहे असा निर्णय न्यायाधीशांनी दिला. हे न्यायाधीश फॉरेस्ट फुल्टन. आणि 1877 मध्ये स्मिथविरुद्ध सरकारी वकील होते तेही हेच. हे मी कथेत घातलं असतं तर संपादकांनी ‘अती होतंय’ म्हणून परत पाठवलं असतं.

सात वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात त्याला जुन्या स्मिथचाच क्रमांक चिकटवला. म्हणजे न्यायालयाने जे तपासायचं नाकारलं, ते तुरुंगाच्या दप्तराने गृहीत धरलं.

आपल्याकडेही आधीच्या शिक्षेचा विषय मूळ गुन्हा शाबीत झाल्यावरच निघतो. हेतू चांगला आहे: आरोपी जुना चोर आहे हे ऐकून न्यायाधीशाचं मत कलुषित होऊ नये. पण पेडणेकरच्या बाबतीत त्याचा उलटा फास होतो. ‘तू काशिनाथ आहेस’ असं कोर्टात कोणी म्हणतच नाही, म्हणून ‘मी काशिनाथ नाही’ हे सांगायला त्याला जागाच मिळत नाही. कोठडीत मात्र प्रत्येक जण त्याला काशा म्हणतो. तपासी अंमलदार, शिपाई, बराकीतले कैदीसुद्धा. एक पूर्ण प्रकरण या हाकेवर. आज तेवढंच लिहिलं आणि ते बरं झालंय असं वाटतं.

9 जून
पाऊस. दुसरं प्रकरण पाडून पुन्हा बांधलं.

आता धुरीला सत्य कसं कळतं? बेकच्या प्रकरणात ते 1898 मध्येच कागदावर आलं होतं. स्मिथ ज्यू होता, त्याची सुंता झालेली असल्याची नोंद तुरुंगाच्या जुन्या दप्तरात होती. बेकची सुंता झालेली नव्हती. गृहखात्याला हे कळलं. यावर त्यांनी काय केलं? कैद्याच्या क्रमांकातून जुन्या शिक्षेची खूण काढून टाकली. माणूस आतच. तो 1901 च्या जुलैत अटींवर सुटला, 1904 मध्ये तशाच आरोपाखाली पुन्हा पकडला गेला आणि पुन्हा दोषी ठरला.

मला या प्रकरणातलं सगळ्यात भयंकर वाटतं ते हे. बायकांची चूक, स्परेलची चूक, ठीक. पण इथे चूक कळली होती, आणि ती दप्तरात दुरुस्त करून दप्तर मिटवलं.

कथेत याला समांतर: तुरुंगात दाखल होताना कैद्याच्या अंगावरच्या ओळखीच्या खुणा नोंदवतात. 1989 च्या नोंदवहीत काशिनाथच्या नावापुढे ‘डाव्या मांडीवर भाजल्याचा मोठा व्रण’. 2011 च्या नोंदीत पेडणेकरच्या नावापुढे ‘उजव्या भुवईजवळ तीळ’, बस्स. व्रण नंतर होऊ शकतो, नाहीसा होत नाही. आणि कपड्याखालचा असल्यामुळे परेडमध्ये, कोर्टात, फोटोत कुठेच दिसत नाही. धुरी एका जुन्या ओळखीच्या तुरुंग शिपायाला भेटायला जातो, खरं तर काशाशी दोन शब्द बोलून आपली पाठ थोपटून घ्यायला. तिथे शिपाई सहज म्हणतो, “तुमच्या काशाची मांडी बरी झाली की हो.”

इथे कथेचा मध्य येतो. शेवट नाही, मध्य. यानंतर धुरी अकरा दिवस गप्प राहतो. वाचकाला सगळं माहीत आहे, धुरीला माहीत आहे, आणि पेडणेकर आत आहे. रहस्य संपलं तरी ताण सुरूच राहतो, असा हिशोब आहे.

10 जून
वकील मैत्रिणीने फोनवरच भोक पाडलं. “1989 ची शिक्षा असेल तर बोटांचे ठसे असतील. पुण्याला सीआयडीच्या अंगुलीमुद्रा केंद्रात ठशांची पत्रिका असेल. जुळवल्या की खेळ खलास. तुझा व्रण हवा कशाला?”

रास्त. गंमत म्हणजे ठशांचं शास्त्र आपल्या मातीतलं. एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरण बसवलं, 1897 मध्ये कलकत्त्यात केंद्र निघालं, आणि स्कॉटलंड यार्डाने ते 1901 च्या जुलैत उचललं. बेक सुटला तोच महिना. स्मिथचे 1877 चे ठसे कोणी घेतलेलेच नव्हते, म्हणून बेकला त्याचा उपयोग शून्य.

माझ्याकडे ही सबब नाही. मग उपाय उलटा: ठसे आहेत, पत्रिका पुण्यात आहे, पण शोध घ्या असं कळवायला लागतं. कोणी कळवलंच नाही, कारण धुरीने ओळखलं होतं. मावशींना मिळालेली खड्यांची पुडी प्लॅस्टिकच्या पिशवीतली होती. मुद्देमाल म्हणून सील होऊन पडली. तिच्यावर चान्स प्रिंट, म्हणजे नकळत उमटलेला ठसा, असेल का, हे बघायची गरज कोणाला वाटली नाही. त्याच कारणाने. व्रण धुरीसाठी, ठसा कोर्टासाठी. पिशवीवरचा ठसा काशिनाथच्या 1989 च्या पत्रिकेशी जुळला की दोन्ही गोष्टी एकदम सुटतात: पेडणेकर काशिनाथ नाही, आणि पुडी काशिनाथने बांधली.

मैत्रीण म्हणाली, “आता अर्ज कोण करणार? धुरी येऊन सांगेल तेव्हाच ना.” म्हणजे अकरा दिवस अजून घट्ट झाले.

20 जून
अकरा दिवसांत धुरीचं काय होतं? तीन-चार कच्चे प्रसंग फाडले. देवळात बसतो, दारू पितो, जुने दिवस आठवतो. सगळं वापरून गुळगुळीत झालेलं.

संध्याकाळी नाक्यावर दूध आणायला गेलो असताना सुचलं. धुरी सकाळी फिरायला निघालाय. समोरून एक म्हातारी, गळ्यात ठसठशीत बोरमाळ. सवयीने, आणि खरं तर मनातल्या बोचणीने, तो तिला अडवतो. “मावशी, गळ्यातलं पदराखाली घ्या. दिवस बरे नाहीत. मी पोलीस आहे.” आणि ती किंचाळते.

लोक धावतात. बारीक कापलेले केस, तपकिरी बूट, आवाजात जरब. “कार्ड दाखव.” निवृत्तांचं ओळखपत्र घरी कपाटात, गणपतीच्या फोटोमागे. कोणीतरी म्हणतं, परवा आमच्या मावशींना गंडवलं तो हाच. तिसरा ठामपणे म्हणतो, हाच, मी पाहिलाय. धुरीला मारापेक्षा तो तिसरा माणूस लागतो. त्याच्या डोळ्यांत खोटेपणा नाही. तो धुरीसारखाच बघतोय.

एका बैठकीत लिहून काढलं. चौदाशे शब्द. भाऊगर्दीच्या संवादात मालवणी, आगरी आणि मुंबईची हिंदी यांची खिचडी तशीच ठेवली आहे. संपादक पुसतील तर भांडेन.

4 जुलै
बदलापूरच्या काकांना हा प्रसंग वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग: “पोलीस आहे म्हणाला ते चुकलं. ‘होतो’ म्हणायला पाहिजे होतं.” बदल केला नाही. तो ‘आहे’च म्हणणार. पण काकांचा शेरा ठाणे अंमलदाराच्या तोंडी दिला, धुरीला सोडवून घेतानाचा.

दुसरी दुरुस्ती त्यांनी केली ती मात्र मान्य: जखमी माणूस ठाण्यात आला की आधी मेडिकलला पाठवतात, मग जबाब. माझ्या कथेत तो रक्ताळलेल्या शर्टात तासभर बाकावर तत्त्वज्ञान सांगत बसला होता. सगळं कापलं. कथा हलकी झाली.

17 जुलै
शेवटावरून संपादकांशी वाद. त्यांना काशिनाथचा पाठलाग हवा, लोकलच्या टपावरून नसला तरी निदान फलाटावर. मी बेककडे बोट दाखवलं. तिथे खरा ‘स्मिथ’, विल्हेल्म मायर, 1904 च्या जुलैत पकडला गेला तो दोघी बहिणींच्या अंगठ्या गहाण टाकायला गेला तेव्हा. बेक त्या वेळी दुसऱ्या शिक्षेची वाट बघत आत बसला होता. न्यायाधीशांना शंका आल्यामुळे शिक्षा सुनावणं लांबलं होतं, एवढंच त्याचं नशीब. पुढे माफी, 5000 पौंड भरपाई, चौकशी समिती, आणि 1907 मध्ये फौजदारी अपिलाचं न्यायालय. ‘माफी’ न केलेल्या गुन्ह्याची. 1909 मध्ये बेक वारला.

तर काशिनाथही सराफाकडेच सापडतो, नालासोपाऱ्यात, बांगडी वितळवायला आलेला. एक परिच्छेद. पासष्टीचा, दम लागलेला, डाव्या मांडीवर व्रण. पेडणेकरसारखा अजिबात दिसत नाही. उंचीही वेगळी.

संपादक: “वाचक विचारतील, मग ओळखलं कसं?”
मी: “तेच विचारायला पाहिजेत.”
त्यांनी एक परिच्छेद मान्य केला, बदल्यात शीर्षकावर हक्क मागितला. त्यांना ‘तोतया’ हवंय. मला ‘हाच तो’. दोन्ही पाठवू, म्हणाले.

29 जुलै
शेवटचा हात. धुरीची साक्ष तीन पानांवरून एका पानावर आणली. वकील बाई विचारतात, “2011 मध्ये तुम्हाला किती खात्री होती?” तो म्हणतो, “आज आहे तेवढीच.” पुढचं वाक्य मैत्रिणीने खोडायला लावलं, कोर्टात साक्षीदाराला एवढं बोलू देत नाहीत.

पेडणेकरच्या घरचं दृश्य काढून टाकलं. नोकरी गेली हे एका ओळीत आलं आहे, तेवढं बास.

11,600 शब्द. मजकूर मेल केला. चित्रकाराला निरोप: मुखचित्रात दोन सारखे चेहरे काढू नका.